उसातील बछडा आणि अंगणातील पिल्लू

दिवाळी आटोपली की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ऊसतोडणीस प्रारंभ होतो. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन्ही सहकारी साखर कारखाने गाळपास लागतात, फडाफडांतून कोयते चालू लागतात, आणि उसाच्या गर्भात, पाचटाच्या उबेत, बिबट्याची दोन-तीन पिल्ले सापडल्याची वार्ता हंगामात एकदा तरी गावोगाव फिरते. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांतून शिवारात आले, कोरडवाहू रानांचे उसाचे फड झाले आणि त्या फडांत बिबट्याने आपले घर केले. आता येथील कित्येक पिढ्या जंगल न पाहताच वाढलेल्या आहेत. उसातच जन्मल्या, उसातच वाढल्या.

बछडे सापडले की प्रथम भीती वाटते, आणि मादी जवळपास नाही अशी खात्री होताच कुतूहल भीतीवर मात करते. डोळे नुकतेच उघडलेले ते पिल्लू हातात घेतले जाते. लहान मुले त्याला मांडीवर घेतात, गालाशी लावतात. कोणी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढतो, कोणी दयाबुद्धीने बाटलीने गायीचे दूध पाजतो. वनविभागाचे कर्मचारी येईपर्यंत तास-दोन तास असे जातात. पुढे माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्य पिल्लाची तपासणी करतात, आणि सायंकाळी ज्या जागी ते सापडले त्याच जागी खोक्यात ठेवले जाते. अंधार पडल्यावर मादी येते व एकेका पिल्लास मानेला धरून घेऊन जाते. वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेच्या पशुवैद्यांनी या पद्धतीने अनेक पिल्ले आईपर्यंत पोहोचविली आहेत, आणि तालुक्याने अभिमान बाळगावा असे हे काम आहे.

या सर्व घटनेत एका गोष्टीचा विचार सहसा कोणी करत नाही. ज्या पिल्लास मुलाने गालाशी लावले, त्याच्या पोटात काय होते?

मांजरवर्गातील प्राण्यांच्या आतड्यांत राहणारा टॉक्सोकारा जातीचा गोलकृमी आईच्या दुधावाटे पिल्लाच्या पोटात जातो. म्हणजे जे पिल्लू अद्याप मांस खात नाही, जमिनीवर धड चालत नाही, तेही जंतांपासून मुक्त असेल असे मानता येत नाही. मात्र येथे घाबरून जाण्याचेही कारण नाही. या कृमीची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात तेव्हा ती अपक्व असतात. मातीत, ओलाव्यात आणि उबेत साधारण दोन ते चार आठवडे राहिल्यानंतरच त्यांत अळी तयार होते व ती अंडी मनुष्यास बाधक ठरतात. त्यामुळे तास-दोन तास बछडा हाताळल्याने या जंताची बाधा होण्याचा संभव थोडा. परंतु तोच बछडा हौसेखातर महिनाभर गोठ्यात बांधून ठेवला, तर गोठ्याची माती हळूहळू अंड्यांनी भरत जाते. जिआर्डियासारख्या एकपेशीय परजीवीची गोष्ट आणखी निराळी. त्याची पुटी विष्ठेतून बाहेर पडताक्षणीच बाधक असते आणि न धुतलेल्या हातावाटे थेट तोंडात जाऊ शकते. गायीच्या दुधाने पिल्लास हगवण लागते, आणि हगवण लागलेले पिल्लू हाताळणाऱ्याचे हात अधिक मळवते. दयेपोटी पाजलेले ते दूध दोघांनाही मानवत नाही. शिवाय बिबट्या हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्याने त्याचे पिल्लू घरी ठेवणे हा गंभीर गुन्हा होतो. १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करणे आणि वनविभाग येईपर्यंत पिल्लापासून दूर राहणे, एवढेच नागरिकाचे काम.

बिबट्याचे पिल्लू कोणी पाळत नाही, असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगाव, मंचर येथून पुण्याचा बाजार आता हाकेच्या अंतरावर आहे, आणि तेथून वाढदिवसाच्या भेटीच्या रूपाने नाना प्रकारचे जीव घराघरांत येऊ लागले आहेत. काचेच्या पेटीत लाल कानांची छोटी कासवे पोहतात, पिंजऱ्यात लव्हबर्ड किलबिलतात, चाकावर हॅमस्टर धावतो. हौस आणि पैसा दोन्ही अधिक असतील तेथे इग्वाना आणि अजगरही असतात. हे विदेशी प्राणी पाळण्यासंबंधी कायदा अलीकडे स्पष्ट झाला आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर त्यांची नोंद करणे आवश्यक झाले. आपला देशी पोपट आणि तारांकित कासव मात्र नोंद करूनही पाळता येत नाहीत. ते वन्यजीव आहेत. पिंजऱ्यातील मिठूमियाँ ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत असली तरी कायद्यापुढे ती रीत टिकत नाही.

या विदेशी प्राण्यांच्या जंतांविषयी जी धास्ती काही जण बाळगतात, तिच्यात तथ्य किती हे पाहणे अगत्याचे आहे. कासवे, सरडे यांच्या आतड्यांत सूत्रकृमी विपुल असतात. परंतु त्यांतील बहुतेक जाती आपापल्या यजमानाशी इतक्या बांधलेल्या असतात की मनुष्याच्या पोटात त्या तग धरत नाहीत. पोपटवर्गातील पक्ष्यांच्या गोलकृमींचेही तसेच. सापांत आढळणारा क्रिप्टोस्पोरिडियम मनुष्यास सहसा बाधत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांपासून खरा धोका आहे तो जंतांचा नव्हे, तर साल्मोनेला या जीवाणूचा. अमेरिकेत लहान मुले छोटी कासवे तोंडात घालत आणि अतिसाराने आजारी पडत. अखेर १९७५ मध्ये तेथील सरकारने चार इंचांहून लहान कवच असलेल्या कासवांची विक्रीच बंद केली. आपल्याकडे मात्र नाण्याएवढी कासवे आजही भाग्यदायी म्हणून विकली जातात आणि त्यांचे पाणी स्वयंपाकघरातील मोरीत ओतले जाते. हॅमस्टर, उंदीर यांच्यात आढळणारा बुटका पट्टकृमी माणसातही वाढतो हे खरे. तथापि भारतात तो बहुधा मुलाकडून मुलाकडेच पसरतो, हॅमस्टरचा त्यात वाटा थोडा.

तेव्हा हिशेब असा निघतो की काचेच्या पेटीतील परदेशी पाहुण्याकडे आपण संशयाने पाहतो आणि अंगणात लोळणाऱ्या पिल्लाकडे पाहतच नाही. आतड्यांतील जंतांच्या दृष्टीने खरे लक्ष द्यावयाचे आहे ते या पिल्लाकडे.

जुन्नर-आंबेगावात या पिल्लाला एक विशेष संदर्भ आहे. वस्तीवरचा कुत्रा येथे राखणदार असतो आणि बिबट्याचे भक्ष्यही असतो. शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचे पृथक्करण केले, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या मानाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा असल्याचे दिसून आले. कुत्रा बिबट्याने नेला की वस्तीवर दुसरे पिल्लू आणले जाते. अशा वस्तीच्या अंगणात नेहमी कोवळ्या वयाचेच पिल्लू असते, आणि जंतांचा भार सर्वांत अधिक असतो तो नेमका याच वयात. कुत्रीच्या शरीरात सुप्त असलेल्या टॉक्सोकारा कॅनिसच्या अळ्या गर्भावस्थेतच पिल्लात शिरतात. पिल्लू तीन-चार आठवड्यांचे होते न होते तोच त्याच्या विष्ठेतून हजारो अंडी पडू लागतात. फुगलेले पोट, निस्तेज केस आणि अशक्तपणा पाहून घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "पिल्लू नीट खात नाही." खाते ते पुरेसे, परंतु त्यावर जगणारे पोटात अनेक असतात.

या अंड्यांचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो आणि कवच इतके चिवट, की मातीत ती महिनोन्‌महिने, अनुकूल जागी वर्षानुवर्षे टिकतात. घराच्या बांधकामासाठी आणलेला वाळूचा ढीग घ्यावा. रात्री त्यावर कुत्री-मांजरी विष्ठा करतात आणि दिवसा त्याच ढिगावर मुलांची भातुकली मांडली जाते. माती खाण्याची खोड असलेले दोन-तीन वर्षांचे मूल तर या अंड्यांना आयतेच सापडते. पोटात गेल्यावर अंड्यातून अळी बाहेर पडते. परंतु मनुष्य हा तिचा खरा यजमान नसल्याने ती आतड्यांत प्रौढ होऊ शकत नाही. वाट चुकलेल्या प्रवाशासारखी ती रक्तातून यकृतात, फुप्फुसांत, क्वचित मेंदूत आणि डोळ्यांत भटकत राहते. बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही. काहींना दीर्घकाळ ताप, खोकला, धाप, पोटदुखी असे त्रास होतात. रक्त तपासले तर इओसिनोफिल पेशी फार वाढलेल्या आढळतात. आणि थोड्या मुलांच्या, बहुधा एकाच डोळ्याच्या, दृष्टिपटलावर अळी जाऊन बसते.

या डोळ्याचा इतिहास हृदय हेलावणारा आहे. १९५० मध्ये अमेरिकेतील रोगनिदानतज्ज्ञ हेलेनॉर वाइल्डर यांनी, कर्करोगाच्या संशयावरून शस्त्रक्रियेने काढून टाकलेले मुलांचे ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासले. त्यांपैकी २४ डोळ्यांत कर्करोग नव्हताच. तेथे कृमीची अळी अथवा तिचे अवशेष होते. दोन वर्षांनी पॉल बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा भटक्या अळ्यांचा संबंध कुत्र्याच्या गोलकृमीशी जोडून दाखविला. आता निदानाची साधने पुष्कळ सुधारली आहेत. परंतु मुलाची नजर तिरळी होणे, बुबुळात पांढरट झाक दिसणे, एका डोळ्याने कमी दिसत असल्याची तक्रार येणे, ही चिन्हे दिसताच नेत्रतज्ज्ञाकडे धाव घ्यावी हे तेव्हाइतकेच आजही खरे आहे. लहान मूल एका डोळ्याने कमी दिसते हे आपणहून सांगत नाही. दुसऱ्या डोळ्यावर त्याचे सारे व्यवहार सुरळीत चालू असतात, आणि शाळेतील दृष्टितपासणीपर्यंत घरात कोणाच्या ते ध्यानीही येत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून आणि अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. २०१५ पासून चालत आलेला हा उपक्रम अत्यंत उपयुक्त आहे, आणि घरातील १ ते १९ वयाच्या मुलांना ती गोळी अवश्य घेऊ द्यावी. तथापि ती आहे मुलाच्या स्वतःच्या आतड्यांतील जंतांसाठी. यकृतात वा डोळ्यात गेलेल्या टॉक्सोकाराच्या अळीचा बंदोबस्त एका गोळीने होत नाही. त्याचे उपचार दीर्घ आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावयाचे असतात. मुलाच्या शौचाची तपासणी करून हा रोग सापडत नाही हेही लक्षात घ्यावे, कारण अळी प्रौढ होत नसल्याने अंडी पडतच नाहीत. रक्ताचीच विशिष्ट चाचणी करावी लागते.

दुसरा परजीवी याहून संथ आणि म्हणूनच अधिक फसवा. हिवाळ्या-उन्हाळ्यात धनगरांचे वाडे मेंढ्यांसह या पट्ट्यातून जातात, शेतांत मेंढ्या बसविल्या जातात, सोबत राखणीचे कुत्रे असतात. कुत्र्याच्या आतड्यांत राहणारा एकायनोकॉकस नावाचा पट्टकृमी उण्यापुऱ्या काही मिलिमीटर लांबीचा. परंतु त्याची अंडी मेंढीच्या अथवा माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ तयार होते. तिला हायडॅटिड म्हणतात. ही गाठ वर्षानुवर्षे मुक्याने वाढते. बालपणी झालेल्या बाधेचे निदान चाळिशीत झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रास नवी नाहीत. कत्तल झालेल्या जनावराचे गाठी असलेले यकृत-फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकले जाते आणि चक्र पूर्ण होते. ज्या घरात मांस शिजत नाही त्या घरालाही हा रोग वर्ज्य नाही, ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. मनुष्यास तो मांस खाल्ल्याने होत नाही. तो होतो कुत्र्याच्या विष्ठेतील अंड्यांमुळे, आणि ती हातावरून, पाण्यातून अथवा पालेभाजीवरून येतात. या दोन तालुक्यांतील कोथिंबीर आणि मेथी पुण्या-मुंबईच्या बाजारांत जाते. भाजी निवडताना अळी दिसते, अंडी दिसत नाहीत. वाहत्या पाण्याखाली पान न्‌ पान धुणे हाच त्यावरील घरगुती उपाय.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर नारूची आठवण करणे उचित ठरेल. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. पायऱ्यांच्या विहिरींतील पाण्यात असलेल्या सूक्ष्म जलपिसवांच्या पोटी नारूची अळी असे, आणि दुपदरी वस्त्राने पाणी गाळले की ती पिसू गाळण्यात अडकत असे. भारतातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. या यशात औषधाचा वाटा जवळपास नव्हता. लस तर नाहीच. गाळण्याचा वाटा मोठा होता. आफ्रिकेतील चाड या देशात मात्र २०१२ पासून नारू कुत्र्यांत आढळू लागला आणि संपत आलेल्या रोगास पाळीव प्राण्यांच्या रूपाने नवा आसरा मिळाला. परंतु जे वस्त्र जलपिसवेला अडविते ते जिआर्डियाला अडवू शकत नाही. तिची पुटी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढी असते. तेथे पाणी उकळावेच लागते. ज्या घरांतून पाणी गाळून मग उकळण्याचा परिपाठ आहे, त्या घरांनी दोन्ही प्रकारच्या शत्रूंना दाराबाहेर ठेवले आहे.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळावे लागते. कुत्र्याच्या पिल्लास जंताचे औषध देणे म्हणजे असंख्य जीवांचा घात नव्हे काय, असा संकोच अनेक घरांत असतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे शास्त्रार्थाने उत्तर देण्याचा अधिकार अभ्यासकांचा. व्यवहारातील वस्तुस्थिती एवढीच, की पिल्लू जन्मतः जंत घेऊन येते, भार फार झाल्यास ते दगावते, आणि औषध न दिल्यास अंगणात खेळणाऱ्या मुलास धोका उत्पन्न होतो. पशुवैद्यकशास्त्र दुसऱ्या आठवड्यापासून औषध सुरू करून आठ आठवड्यांपर्यंत पंधरा-पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्यास आणि त्यानंतर सामान्यतः दर तीन महिन्यांनी ते देण्यास सांगते. ज्यांना हे जड वाटते, त्यांनी पिल्लू घरी आणण्यापूर्वीच त्याचा विचार केलेला बरा; आणल्यानंतर औषध टाळणे हा पिल्लावरही अन्याय आणि शेजारच्या मुलांवरही. औषधाची गरज कमी व्हावी असे वाटत असेल, तर त्याचाही मार्ग आहे. अंडी बाधक होण्यास आठवडे लागतात. म्हणून विष्ठा त्याच दिवशी उचलून खोल पुरली, तर नव्या बाधेची साखळी तुटते. मांजरीच्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीलाही बाधक होण्यास किमान एक दिवस लागतो. घरात गर्भवती स्त्री असेल तर मांजराची विष्ठा दुसऱ्या कोणी दररोज उचलावी, एवढ्याने मोठा धोका टळतो. दारोदारच्या भटक्या कुत्र्यांना भाकरी घालणारे दयाळू हात पुष्कळ आहेत. त्यांच्या विष्ठेचा विचार करणारे विरळा.

औषध अंदाजाने देण्यापेक्षा विष्ठा तपासून देणे केव्हाही श्रेयस्कर. तपासणी अगदी साधी आहे. विष्ठेचा छोटा अंश मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून उभा ठेवतात. अंडी हलकी असल्याने वर तरंगतात आणि वर ठेवलेल्या काचेला चिकटतात, ती काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काही अंडी जड असल्याने वर येत नाहीत, त्यांच्यासाठी तळाचा गाळ पाहावा लागतो. अंडी दररोज सारखी पडत नसल्यामुळे एका दिवसाचा निष्कर्ष निर्णायक मानता येत नाही. एका दिवसाच्या शिलकेवरून खातेदाराची पत ठरवू नये, तसेच हे. एक-दोन दिवसांच्या अंतराने घेतलेले तीन नमुने पाहणे उत्तम. नमुना ताजा, स्वच्छ डबीत, झाकण घट्ट लावून न्यावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मार्गदर्शन मिळते. अधिक तपासणीची आवश्यकता भासल्यास पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. कासव, इग्वाना, पक्षी यांच्याविषयी मात्र विदेशी प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडेच जावे. कुत्र्याचे औषध कासवास देणे जिवावर बेतू शकते. आयव्हरमेक्टिन हे जनावरांच्या दवाखान्यातील नित्याचे औषध कासवास विषासमान आहे.

मुलास दीर्घकाळ ताप, खोकला वा पोटदुखी असेल आणि डॉक्टरांकडे जाणे झाले, तर घरात अथवा शेजारी कोणता प्राणी आहे, त्यास जंताचे औषध केव्हा दिले होते, मुलास माती खाण्याची सवय आहे काय, हे आपणहून सांगावे. दवाखान्याच्या गर्दीत हा प्रश्न विचारला जाईलच असे नाही.